सॅकचे पट्टे कसे बसवायचे? नव्या ट्रेकरसाठी, कमरेपासून वरपर्यंत

राजमाचीला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पाठीवर आतेभावाची सॅक होती. तो सहा फुटी, मी पाच फूट चार इंच. लोणावळ्याहून राजमाचीची वाट लांबलचक असली तरी बरीचशी सपाट, दमछाक व्हावी असा चढ तिच्यात नाही. तरीही किल्ल्याखालच्या उधेवाडीत पोचलो तेव्हा दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले होते आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. "पहिलाच ट्रेक आहे, होईल सवय," असं सगळे म्हणाले. सवय काही झाली नाही, पुढचे तीन-चार ट्रेक खांदे तसेच सोलवटत राहिले. मग एकदा कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, ग्रुपमधल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं. सॅकचे होते नव्हते तेवढे पट्टे सैल सोडले आणि खालून सुरुवात करून एकेक पुन्हा आवळला. पाच मिनिटांचं काम. उभा राहिलो आणि चपापलोच, सॅकमधून कोणी काही काढून तर घेतलं नाही ना?

काढलं काहीच नव्हतं. ओझं खांद्यावरून उतरून कमरेवर बसलं होतं, इतकंच.

त्या पाच मिनिटांत काकांनी काय काय केलं ते इथे सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या सॅकचे खांद्याचे पट्टे वजन पेलण्यासाठी नसतातच. सॅक मागे कलंडू नये म्हणून तिला पाठीशी धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. वजन पेलायचं ते कमरेच्या हाडांनी. आपल्याकडच्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून दोन-दोन हंडे घेऊन चालतात, तेव्हा ओझं मणक्यावरून सरळ खाली पायांत उतरतं. खांद्यांना स्नायूंच्या जोरावर काही उचलून धरावं लागत नाही. सॅकचा कमरपट्टा साधारण हेच करतो, फक्त निम्म्या वाटेवरून.

ही कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीने १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली. चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचून चाललं तर खांदे हलके होतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं, असं सांगतात. पुढे १९६७ च्या सुमारास ग्रेग लोव या अमेरिकन गिर्यारोहकाने चौकट सॅकच्या आत घेतली, पाठीची लांबी कमीजास्त करायची सोय केली आणि छातीवरचा आडवा पट्टाही आणला. आज दुकानातली ६० लिटरची कुठलीही सॅक उघडून बघा, तिच्या पट्ट्यांची मांडणी या दोघांच्या डोक्यातूनच आलेली दिसेल.

आधी पाठ मोजा

दुकानात गेल्यावर नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरची घेऊ?" विचारायला हवं ते, "माझ्या पाठीला कुठली बसेल?" पाठीची लांबी आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच माणसाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते. माझ्या ओळखीत एक नवरा-बायको आहेत. तो तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच, पण दोघांच्या पाठीचं माप एकच निघालं.

माप घ्यायला शिंप्याची टेप आणि एक मदतनीस लागतो. मान पुढे झुकवा. मानेच्या बुडाशी एक मणका टपोरा वर येतो, तो बोटाला सहज लागतो. ते वरचं टोक. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहिल्यासारखे, अंगठे मागे आणि बोटं पुढे. कमरेच्या हाडाची वरची कड हाताखाली लागेल. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे छेदते, ते खालचं टोक. या दोन टोकांमधलं अंतर मदतनिसाने टेप पाठीच्या वळणाला चिकटवून मोजायचं. बहुतेक मोठ्या माणसांचं माप ४० ते ५० सेंटिमीटरच्या आसपास येतं. टेप नसेल तर सुतळी धरा आणि ती नंतर पट्टीवर मोजा.

सॅकच्या लेबलावर बहुतेक वेळा एस, एम, एल असं लिहिलेलं असतं किंवा सेंटिमीटरमध्ये पल्ला दिलेला असतो. तुमचं माप त्या पल्ल्याच्या मधोमध कुठेतरी यायला हवं, अगदी टोकाला आलं तर पुढचा किंवा मागचा साइज घालून बघा. लेबलावर काहीच नसेल आणि पाठीची लांबी कमीजास्तही होत नसेल, तर ती सॅक फक्त घालून बघूनच कळते.

घरी सॅक भरा, मगच पट्ट्यांना हात लावा

रिकाम्या सॅकचे पट्टे बसवण्यात अर्थ नाही. ती कोणालाही छान बसते, दुकानदार म्हणूनच ती रिकामी घालायला देतो. घरी पाण्याच्या बाटल्या, तूरडाळीची पिशवी, तांदूळ, चादर असं भरून सात-आठ किलो वजन करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हिशोब सोपा आहे. जड वस्तू पाठीला चिकटून, साधारण खांद्यांच्या पात्यांच्या उंचीला ठेवा. खाली स्लीपिंग बॅग किंवा चादर. जड सामान पाठीपासून लांब गेलं तर सॅक मागे ओढते आणि मग कुठलाही पट्टा कितीही आवळा, खांद्यांची ओढाताण सुटत नाही. दोन्ही बाजूंचे आडवे पट्टे ओढून सामान घट्ट करा. आतला डबा चालताना डुचमळता कामा नये.

एकूण वजन किती असावं? मुक्कामी ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, एक दिवसाच्या ट्रेकला दहाव्या हिश्शाच्या आसपास, असा सर्वसाधारण हिशोब धरतात. साठ किलोच्या माणसाला मुक्कामासाठी बारा किलो. हरिश्चंद्रगडाला जाताना चारजणांचा कांदा-बटाटा एकट्याच्या सॅकमध्ये कोंबणारे महाभाग असतात. त्यांच्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही.

आता सगळे पट्टे सैल सोडा. सगळे म्हणजे कमरेचा, खांद्याचे, खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे दोन बारीक, छातीचा, आणि कमरेच्या बाजूला सॅक ओढून धरणारे दोन छोटे. पाठीला घ्यायच्या आधी एवढं केलंत की निम्मं काम झालं.

पाठीची लांबी सॅकवर लावणे

लांबी कमीजास्त होणाऱ्या सॅकमध्ये खांद्याचे दोन्ही पट्टे एका जोडपट्टीला शिवलेले असतात आणि ती जोडपट्टी वर-खाली सरकते. सरकवायच्या तऱ्हा तीन. काहींत जोडपट्टीला मागे रुंद वेल्क्रो असतं. ते हाताने ओढून सुटत नाही, मध्ये शाळेची प्लॅस्टिकची फूटपट्टी किंवा पातळ पुठ्ठा घालून सोडवायचं, हव्या उंचीला आणायचं आणि तळहाताने दाबून बसवायचं. काहींत पाठीवर आडव्या फितींची शिडी असते, जोडपट्टीचे बकल हव्या त्या पायरीत अडकवायचे. तिसऱ्या तऱ्हेत खाली एक पट्टा लोंबतो, तो ओढला की जोडपट्टी खाली येते. तिसरी सगळ्यात सोयीची, सॅक पाठीवर असतानाही बदलता येते. पण माझा भरवसा शिडीवर, कारण ती आपोआप सरकत नाही.

तुमच्या पाठीच्या मापावर जोडपट्टी लावा आणि पुढे जा. ही लांबी बरोबर आहे की नाही, हे बाकीचे पट्टे बांधून झाल्यावरच कळेल. म्हणजे इथे एकदा परत यावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

कमरपट्टा

सॅक पाठीवर घ्या. उचलताना वरच्या छोट्या कडीला धरा, खांद्याच्या एका पट्ट्याला धरून हिसका देऊ नका. त्या पट्ट्याची शिवण पहिल्यांदा तिथेच उसवते. आधी मांडीवर टेकवा, मग एक हात घाला, मग दुसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमरपट्ट्याची जाड गादी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बरोबर मधोमध बसली पाहिजे, म्हणजे अर्धी हाडाच्या वर आणि अर्धी खाली. मघाशी ज्या हाडावर हात ठेवून उभे होतात, तेच हे हाड. पोटावर बांधला तर श्वास कोंडतो आणि अर्ध्या तासात जेवण वर येतं. नितंबांवर बांधला तर पाय उचलताना घासतो. खांदे किंचित वर उचला, सॅक जरा वर घ्या, गादी हाडावर टेकवा आणि बकल लावून दोन्ही बाजूंनी आवळा. घट्ट हवा, पण श्वास अडेल इतका नको. बकल बेंबीच्या जरासं खाली येतं. पुढून दोन्ही गाद्यांमध्ये चार बोटांचं तरी अंतर राहायला हवं. गाद्या एकमेकींना टेकत असतील तर पट्टा तुमच्यासाठी मोठा आहे, पुरेसा आवळलाच जाणार नाही.

पँटला चामड्याचा पट्टा घालून ट्रेकला येऊ नका. कमरपट्ट्याखाली त्याचं बकल हाडावर रुततं. खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइलचंही तेच. नाडीची ट्रॅकपँट उत्तम. पोट सुटलेल्यांचा पट्टा चालता चालता खाली घसरतो, तो दर तासाला वर घ्यावाच लागतो, त्याला इलाज नाही.

घोडेवाले खोगीर कसतात तेव्हा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, आधी आवळतात. तंग सैल असेल तर वर काहीही करा, खोगीर फिरतंच. सॅकचा तंग म्हणजे हा कमरपट्टा.

खांद्याचे पट्टे

कमरपट्टा बसल्यावर खांद्याच्या पट्ट्यांची खाली लोंबणारी टोकं मागे आणि खाली ओढा. पट्टे खांद्याला आणि पाठीच्या वरच्या भागाला चिकटले की थांबायचं. इथेच नवशिके चुकतात. दात-ओठ खाऊन पट्टे ओढतात, सॅक वर उचलली जाते, कमरपट्टा हाडावरून निसटून पोटावर येतो आणि सगळं वजन परत खांद्यावर. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे.

आता मघाची परीक्षा. मदतनिसाला बाजूने बघायला सांगा, तो नसेल तर बाजूने फोटो काढून घ्या. पट्टे खांद्याला वळसा घालून पाठीवर सॅकला जिथे जोडले जातात, ती जागा खांद्याच्या माथ्यापासून तीन-चार बोटं खाली असायला हवी. खांद्याच्या माथ्यावर पट्टा आणि अंग यांच्यात फट दिसत असेल तर पाठीची लांबी जास्त लावली गेली आहे, जोडपट्टी खाली घ्या. उलट, खांदे खाली दाबले जातायत आणि कमरपट्टा सारखा वर चढतोय, तर लांबी कमी आहे, जोडपट्टी वर न्या. आतेभावाच्या सॅकचं आणि माझं पहिलं भांडण हेच होतं. ती त्याच्या पाठीला लावलेली, म्हणजे माझ्यासाठी लांब. फट बुजवायला मी खांद्याचे पट्टे आवळत गेलो. कमरपट्टा तर मी बांधलाच नव्हता. मला वाटायचं तो धावणाऱ्यांसाठी असतो.

बोटांना मुंग्या येणं किंवा हात बधिर होणं याला सवयीचा प्रश्न समजू नका. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मागून काखेत उतरतात. घट्ट पट्टा तिथे दाब देतो. मुंग्या आल्या की तिथल्या तिथे थांबा, खांद्याचे पट्टे सैल करा, कमरपट्टा आवळा.

पट्ट्यांमधलं अंतर

दोन खांद्यांच्या पट्ट्यांमध्ये किती अंतर असावं, याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आरशात बघा. पट्टा मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या भागावर साधारण मध्यावर हवा. आतली कड मानेला घासत असेल तर पट्टे जवळ पडतात, रुंद खांद्याच्या माणसांना हा त्रास होतो. पट्टे बाहेर, खांद्याच्या गोलाईवर जात असतील आणि सारखे घसरत असतील तर ते लांब पडतात. अरुंद खांद्यांच्या मुलामुलींची ही नेहमीची तक्रार. ते नकळत खांदे वर उचलून चालतात आणि संध्याकाळी मान आखडली म्हणतात.

हे अंतर दोन ठिकाणी ठरतं. मागे, जोडपट्टीवर, आणि पुढे, छातीवर. मागचं अंतर थोड्याच सॅकमध्ये बदलता येतं. वेल्क्रोच्या जोडपट्टीत पट्टे जरासे तिरके बसवून बोटभर फरक पाडता येतो, शिडीच्या काही सॅकमध्ये दोन्ही पट्टे वेगवेगळे अडकवायला दोन-तीन जागा असतात. बाकी सॅकमध्ये ते शिवूनच पक्कं केलेलं असतं, म्हणून दुकानातच बघायचं. बायकांसाठीच्या म्हणून विकतात त्या सॅकमध्ये बहुधा पट्टे एकमेकांच्या जवळ, जास्त वळणाचे आणि पाठीचा पल्ला आखूड असतो. खांदे अरुंद असतील तर पुरुषानेही ती घालून बघायला काय हरकत आहे? रंगाकडे दुर्लक्ष करायचं.

पुढचं अंतर छातीच्या पट्ट्याने सांभाळायचं. तो गळ्याखालच्या आडव्या हाडापासून चार-पाच सेंटिमीटर खाली असावा. दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या कड्या असतात, त्या वर-खाली करून उंची लावायची. बायकांनी तो छातीच्या उभाराच्या वरच ठेवावा. आवळायचा तो पट्टे बाहेर घसरू नयेत इतकाच, दीर्घ श्वास घेतला तर अडथळा वाटता कामा नये. मागे लांब पडलेले पट्टे पुढे छातीचा पट्टा करकचून जवळ आणता येतात असं वाटतं, पण त्याने फक्त छाती आवळली जाते, खांद्यावरची जागा फारशी बदलत नाही.

बऱ्याच सॅकच्या छातीच्या बकलला शिट्टी असते. तिचा उपयोग ग्रुपमधल्यांना उगाच दचकवायला करू नका. डोंगरात मदतीची हाक म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

गळ्यातलं, मंगळसूत्र म्हणा की चेन, पट्ट्याखाली आलं की चिमटे बसतात आणि घामात चामडी सोलते. काढून घरी ठेवा. ओढणी आणि मोकळे केस वरच्या बारीक पट्ट्यांत अडकतात. बिनबाह्यांचा बनियन घालून चालू नका, पट्ट्याची कड थेट कातडीवर घासते. कॉलरचा किंवा निदान रुंद खांद्याचा टीशर्ट बरा.

वरचे बारीक पट्टे

खांद्याच्या माथ्यापासून सॅकच्या डोक्याकडे तिरके जाणारे दोन छोटे पट्टे असतात. हे कशासाठी, ते अनेक जुन्या ट्रेकर्सनाही सांगता येत नाही. सॅकचं डोकं मागे झुकू लागलं की हे तिला पुढे ओढतात. बाजूने बघताना हे पट्टे खांद्यापासून वर, साधारण ३० ते ४५ अंशांत तिरके गेलेले दिसायला हवेत. आडवे सपाट झाले असतील तर पाठीची लांबी जास्त लागली आहे, म्हणजे पुन्हा जोडपट्टीकडे. हलके ओढा. जास्त ओढले तर खांद्याचा पट्टा पुढून वर उचलला जातो आणि काखेपाशी टोचतो.

शेवटी कमरेच्या बाजूचे दोन छोटे पट्टे ओढून सॅकचं बूड पाठीला चिकटवा. संपलं. कमर, खांदे, वरचे बारीक, छाती, कमरेची बाजू, हा क्रम पाठ करून ठेवा. काढताना उलटा, आणि काढायच्या आधी खांद्याचे पट्टे थोडे सैल सोडले तर हात बाहेर काढताना मारामारी करावी लागत नाही.

आता तीच भरलेली सॅक घेऊन बिल्डिंगचे जिने वीस मिनिटं चढा-उतरा. शेजारी विचारतील. विचारू द्या. जे दुखायचं ते घरीच दुखलेलं बरं, रतनगडाच्या शिडीवर नको.

वाटेवर

एकदा बांधले आणि दिवसभर विसरलात, असं होत नाही. चढावर वरचे बारीक पट्टे किंचित सैल सोडले तर मान वर करून वाट बघता येते. उतारावर ते घट्ट आणि कमरपट्टाही घट्ट, नाहीतर प्रत्येक पावलाला सॅक मागून ढकलते. शिडी किंवा कातळटप्पा असेल तर सगळंच घट्ट, आणि बाहेर लोंबणारं काही नको. कॅरीमॅट, म्हणजे झोपायच्या मॅटची गुंडाळी, आडवी बांधली असेल तर अरुंद जागेत ती कातळाला अडून माणसाला बाहेर ढकलते. मॅट सॅकच्या कडेला उभी बांधा, दोन पट्ट्यांनी, एक वर आणि एक खाली.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना उलटं करायचं. कमरेचं आणि छातीचं, दोन्ही बकलं पाण्यात पाय टाकायच्या आधी उघडायची. पाय घसरला तर सॅक एका झटक्यात अंगावेगळी करता आली पाहिजे, नाहीतर तीच माणसाला पाण्याखाली दाबून धरते. यात आळस नको. मात्र पाणी गुडघ्यापर्यंत आणि ओढीचं असेल तर मुळात उतरूच नका.

भिजल्यावर नायलॉनचे पट्टे थोडे ताणतात, पॉलिएस्टरचे त्यापेक्षा कमी. पहिल्या तासाभराच्या पावसानंतर सगळ्या पट्ट्यांना एकदा हात लावून आवळा.

पट्ट्यांची लांबलेली टोकं लोंबत ठेवली की ती करवंदीच्या जाळीत अडकतात. गुंडाळून रबरबँड किंवा इलॅस्टिकची कडी घाला. कापू नका. थंडीत स्वेटरवर जॅकेट चढवल्यावर तीच लांबी कामी येते.

शुक्रवारी रात्री कसारा लोकल पकडताना सॅक पुढे, छातीवर घ्यावी लागते. तेव्हा कमरपट्टा मागे वळवून सॅकच्या भोवतीच लावून टाका. लोंबणारं बकल दुसऱ्याच्या पिशवीत अडकलं की दादर ते ठाणे आपण दोघं एकत्र.

छोटी सॅक आणि शाळेचं दप्तर

वीस-पंचवीस लिटरच्या सॅकला पाठीची चौकट नसते, जोडपट्टी हलत नाही आणि कमरपट्टा म्हणजे नुसती फीत असते. ती फीत वजन पेलत नाही, सॅक हिंदकळू देत नाही इतकंच. इथे वजन खांद्यावरच राहणार, म्हणून वजनच कमी ठेवा. पट्टे इतके आवळा की सॅकचं बूड कमरेच्या खाली जाणार नाही. छातीचा पट्टा नसेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्या. खांद्याच्या पट्ट्यांवर दोन कड्या आणि मध्ये बकलची फीत, कुठल्याही शहरातला बॅगवाला हे तासाभरात करतो. कड्या पक्क्या शिवून न घेता सरकत्या ठेवायला सांगा.

मुलांच्या दप्तरालाही हेच लागू. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. पण वजन कमी करूनही पट्टे पार खाली सोडले आणि दप्तर मांड्यांवर आपटत राहिलं तर पोरगं पुढे वाकूनच चालणार. दोन्ही पट्टे, दोन्ही खांद्यांवर, बूड कमरेच्या वर. एका खांद्यावर लटकवणं कितीही भारी दिसत असलं तरी.

प्रवासात आणि खेचराच्या पाठीवर

विमानात सॅक सामानात टाकायची असेल तर कमरपट्टा उलटा वळवून मागच्या बाजूने सॅकभोवती लावा, छातीचं बकल लावा, खांद्याचे पट्टे पूर्ण आवळा आणि वरून रेनकव्हर चढवा. सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर अडकून तुटतात ती नेमकी अशीच मोकळी बकलं. हिमालयात ओझं खेचरावर देणार असाल तर तेच करा आणि वरून एक मोठं पोतं घाला.

डफल बॅगेचे खांद्याचे पट्टे सुटे होत असतील तर काढून आत ठेवा. चाकाच्या बॅगेवर दुसरी छोटी बॅग बांधायची असेल तर पट्टा छोट्या बॅगेच्या हँडलमधून ओवून मोठीच्या उभ्या दांड्याभोवती घ्या. नुसता वरून आवळलेला पट्टा पहिल्या फुटपाथला बॅग खाली टाकतो.

पट्टा सरकतोय

चालता चालता पट्टा आपोआप सैल होत असेल तर दोष बहुधा बकलच्या आतल्या दातेरी दांडीचा असतो. ती झिजते, किंवा पट्टी गुळगुळीत झालेली असते. वाटेवर उपाय एकच, पट्ट्याचं मोकळं टोक त्याच बकलमधून आणखी एकदा ओवा. घरी आल्यावर बकल बदला. नेताना पट्टीची रुंदी मोजून न्या, सॅकवर बहुधा २० आणि २५ मिलिमीटर, कमरेला ३८ किंवा ५० असते. एका मापाचं बकल दुसऱ्या मापाच्या पट्टीला कधीच नीट धरत नाही. पट्टीचं टोक उसवलं असेल तर मेणबत्तीवर क्षणभर धरा, नायलॉन वितळून कड बंद होते. मग ते टोक दोनदा दुमडून शिवून टाका, म्हणजे बकलमधून निसटून दरीत जाणार नाही. सुती पट्टीला आग लावू नका, ती फक्त जळते.

सगळं मनासारखं बसलं की पक्क्या शाईचं मार्कर घ्या आणि प्रत्येक पट्ट्यावर बकलच्या कडेला एक बारीक रेघ मारा. जोडपट्टी कुठल्या पायरीवर आहे तेही आतल्या बाजूला लिहून ठेवा. माझी सॅक आता आतेभाऊ नेतो. परत येते तेव्हा जोडपट्टी वरच्या टोकाला आणि छातीचा पट्टा गळ्याशी असतो. मी रेघा बघतो, दोन मिनिटांत सगळं जागेवर.